आमच्या घराचे फ्रेंच, जपानी आणि इतर काळ

मी या घरात सून म्हणून आले ती फ्रेंच काळात. म्हणजे पहिल्या दिवशी मला ज्या सोफ्यावर बसवलं, त्याचे पाय वाकडे होते, हात सोनेरी होते आणि बसायची जागा एवढीशी होती की माझ्यासारख्या धडधाकट बाईने त्यावर हप्त्याहप्त्याने बसावं. सासूबाई जवळ येऊन कानात पुटपुटल्या, "मागे टेकू नकोस गं, पाठ निखळलीये त्याची." मी टेकले नाही. तशीच ताठ बसून राहिले आणि आलेल्या माणसांना वाटलं, सून भारी शिस्तीची आहे. हा गैरसमज फार दिवस टिकला नाही.

इतर लोक घरातल्या गोष्टी वर्षांवर लक्षात ठेवतात, आमच्याकडे त्या फर्निचरवर लक्षात ठेवतात. माझा नवरा जन्मला इंग्रजी काळात. नणंदेचा पुढचा दात पडला अरबी काळात, पितळी टीपॉयवर आपटून. सासूबाईंचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा घरात स्वीडिश की डॅनिश असं काहीतरी पांढरंफटक चालू होतं. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांनी डोळे उघडून एकदा हॉलकडे बघितलं आणि विचारलं, "अजून सोडलं नाही का मला?"

या सगळ्या राज्यक्रांत्या घडवणारा माणूस एकच, आमचे सासरेबुवा. गावातल्या सगळ्यात मोठ्या फर्निचरच्या दुकानात त्यांची नोकरी. नुसती कपाटं ओळीत उभी केली की गिऱ्हाईक नुसतं बघून जातं, म्हणून त्या दुकानात नमुन्याच्या खोल्या मांडतात. तीन भिंतींची खोली, चौथ्या बाजूला दोरी, आणि दोरीच्या अलीकडे तोंड उघडं टाकून उभं राहिलेलं गिऱ्हाईक. आज इटलीतली जुन्या काळची बैठक, दोन महिन्यांनी मोरोक्कोचा दिवाणखाना, मग शंभर वर्षांपूर्वीची इंग्रज साहेबाची अभ्यासिका. या खोल्या सासरेबुवा मांडतात. दुकानात त्यांना खोलीवाले म्हणतात, आणि हे नाव त्यांना आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा जास्त आवडतं.

खोली मोडली की तिच्यातलं जे सामान खरचटलेलं, कुठे तडा गेलेलं, कुणा गिऱ्हाइकाच्या पोराने रंगीत खडूने सजवलेलं असेल, ते विकायला ठेवत नाहीत, कामगारांना देऊन टाकतात. बाकीचे कामगार एखादं स्टूल नेतात. सासरेबुवा अख्खा देश घरी आणायचे. नवा देश आला की जुना नातेवाइकांकडे रवाना. आमच्या नात्यात असं एकही घर नाही जिथे एखादी सोनेरी खुर्ची कोपऱ्यात तोंड लपवून उभी नाही.

हे सगळं शिक्षण त्यांनी कुठे घेतलं, असं लोक विचारतात. कुठेही नाही. ते त्या दुकानात कपाटं उचलायला लागले होते. तेव्हाचा मांडणी करणारा माणूस मालकाशी भांडून, मापाची टेप मालकाच्या टेबलावर आपटून निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी तर खोली लोकांना दाखवायची होती. मालक म्हणाला, "निदान चालता येईल असं तरी ठेव रे ते." सासरेबुवांनी ठेवलं. वर आपल्या डब्यासोबतचा अर्धा प्यालेला चहाचा कप टेबलावर ठेवला, शेजारी उघडं वर्तमानपत्र, त्यावर कुणाचा तरी विसरलेला चष्मा. कुणीतरी आत्ताच उठून गेलंय असं वाटावं. लोक दोरीपाशी थांबून हळू आवाजात बोलायला लागले. मालकाने त्याच दिवशी त्यांच्या पाठीवरचं ओझं काढून हातात टेप दिली.

गुण खरा आहे, हे मी मान्य करते. पण ज्ञानाच्या नावाने मात्र आनंदीआनंद. सासरेबुवा आयुष्यात गावाची हद्द ओलांडून गेले नाहीत. सगळे देश त्यांनी चित्रांत बघितले, आणि चित्रांखालचा मजकूर कधी वाचला नाही. त्यांच्या जपानी खोलीत चिनी कंदील असायचा, अरबी बैठकीत तुर्की गालिचा आणि वर पंखा कुठल्या तरी तिसऱ्याच बेटावरचा. एकदा जपानात कित्येक वर्षं राहून आलेले एक गृहस्थ दोरीपाशी बराच वेळ उभे राहिले आणि अगदी अदबीने म्हणाले, "ही खोली कुठल्या देशाची हो?" सासरेबुवांनी पापणीही न लववता विचारलं, "तुम्हाला कुठली हवीय?" त्या गृहस्थांनी कंदील विकत घेतला. सासरेबुवा घरी येऊन ही गोष्ट सांगताना इतके फुगले होते की सासूबाई म्हणाल्या, "बसा आता खाली, नाहीतर छताला लागाल."

सासूबाईंची ओळख एवढ्याने झालीच असेल. त्या त्याच दुकानात पडदे शिवायला होत्या. दोघांचं तिथेच जुळलं. त्या म्हणतात, "मला वाटलं खोली मांडणारा माणूस आहे, घर मांडेल. याने तर मांडलेलं मोडायचाच धंदा काढला." चालणं झपझप, बोलणं त्याहून झपझप. रोज संध्याकाळी जिना उतरून कोपऱ्यापर्यंत एकट्या चक्कर मारायच्या. कुणी सोबत यायला निघालं की म्हणायच्या, "माझे पाय माझ्याकडेच आहेत."

आणि मग त्यांची नजर जायला लागली.

आधी सुईत दोरा जाईना. मग दारातला माणूस ओळखू येईना. मग आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं आणि स्वच्छ सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, पुढे उजेड-अंधार तेवढा कळत राहील. सासूबाई, सासरेबुवा आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. सासूबाई म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. घरात आणि जिन्यावर मी कुणाचा हात धरून चालणार नाही. ज्या दिवशी मला संडासला पोचवायला माणूस लागेल, त्या दिवशी मी संपले असं समजा." म्हणताना त्यांनी आवाज मुळीच खाली केला नाही. समोरच्या बाकावरच्या म्हातारबुवांनी मान वळवली.

निघताना डॉक्टर म्हणाले होते, "घरातला पसारा कमी करा, आणि जे आहे ते जागचं हलवू नका." सासरेबुवांनी यातलं पहिलं अर्धं ऐकलं. दुसरं अर्धं त्यांच्या कानात शिरायला रस्ताच नव्हता.

दुसऱ्याच आठवड्यात फ्रेंच राज्य खालसा झालं. सोफा आत्याबाईंकडे, आरशाचं कपाट नणंदेकडे, खुर्च्या मिळेल त्याच्याकडे. आणि जपानी काळ सुरू झाला. जमिनीवर फिक्या रंगाच्या चटया, मधे वीतभर उंचीचा टीपॉय, एका बाजूला कागदाचा पडदा लावलेली लाकडी चौकट. बाकी काही म्हणजे काही नाही. खोटं कशाला बोलू, मला तो हॉल इतका आवडला की मी दोन दिवस उगाचच त्यातून ये-जा करत होते. केर काढायला तर स्वर्ग. सासरेबुवा दारात कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आता आपटेल कशावर? आपटायला काही ठेवलंच नाही."

त्या आपटल्या. वीतभर उंचीच्या टीपॉयवर नडगी अशी काही लागली की त्यांच्या तोंडून निघालेला शब्द मी या घरात आल्यापासून ऐकला नव्हता. सासरेबुवांनी लगेच टीपॉयही उचलून टाकला. आता आपटायला खरंच काही नव्हतं.

मी ओट्यापाशी भाजी चिरत होते. सासूबाई त्यांच्या खोलीच्या दारातून निघाल्या, नेहमीसारख्या झपझप, आणि हॉलच्या मधोमध आल्यावर थांबल्या. उजवा हात पुढे केला. काही लागलं नाही. डावा केला. काही लागलं नाही. एक पाऊल वळल्या, आणि वळल्या तिथेच सगळं चुकलं, आता दार कुठे आणि खिडकी कुठे ते त्यांना कळेना. पायाखाली सगळीकडे तीच मऊ चटई. दोन्ही हात पसरून ही बाई स्वतःच्या घराच्या हॉलमधे उभी. मग त्यांनी हाक मारली, आणि तो आवाज त्यांचा नव्हताच. "अगं, भिंत कुठेय?"

मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. त्यांनी तो झटकला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

त्यानंतर त्या हॉलमधे येईनाशा झाल्या. जेवण पलंगावर, चहा पलंगावर, संध्याकाळची चक्कर बंद. विचारलं की म्हणायच्या, "मला इथंच बरं आहे." ज्या बाईने उभ्या जन्मात 'बरं आहे' म्हणून कुठली गोष्ट स्वीकारली नाही, ती असं म्हणायला लागली. आणि सासरेबुवा? ते हॉलच्या भिंतीवरचं घड्याळ काढत होते. म्हणे, तेही फार ठळक दिसतं.

मग मात्र माझी तार सटकली. नवऱ्याने "जाऊ दे, त्यांचं वय झालंय" वगैरे सुरू केलं होतं. त्याला म्हटलं, तू गप्प बस. आणि सासरेबुवांसमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, तुमचा हा जपान फार सुंदर आहे. आता जरा डोळ्यांवर फडकं बांधून त्यातून चालून दाखवा."

"त्यात काय!" ते म्हणाले. नाटकी माणूस. मी स्वतः टॉवेल बांधला आणि जागच्या जागी दोनदा गोल फिरवलं. सासरेबुवा ऐटीत निघाले, तीन पावलं राजासारखी टाकली, चौथं जरा बिचकत, मग हात चाचपडायला लागले, मग जिकडे वाटलं तिकडे सुसाट सुटले आणि सरळ कागदी पडद्यातून आरपार गेले. चौकट गळ्यात, कागदाच्या चिंध्या कानांवर. मला हसू आवरेना. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय फाटलं गं?"

"जपान फाटला, आई."

सासरेबुवा हसले नाहीत. टॉवेल काढला, गळ्यातली चौकट उतरवून भिंतीला टेकवली. मग आत गेले आणि पलंगाच्या कडेवर टेकले. मी दारात होते. ते म्हणाले, "अगं, तुला कसं घर हवंय?" साऱ्या जगाच्या खोल्या मांडणाऱ्या या माणसाने बायकोला हा प्रश्न संसारात पहिल्यांदा विचारला. सासूबाईसुद्धा क्षणभर गडबडल्या.

मग म्हणाल्या, "गच्च. पोरगा झाला तेव्हा होतं ना, तसं. तेव्हा मी तुम्हाला शिव्या घालायचे, आठवतं? इकडे खुर्ची, तिकडे कपाट, मधे तो फुलदाणीचा खांब. त्या घरात मी पडायचं ठरवलं असतं तरी पडायला जागा नव्हती. हात सोडला की दुसरं काहीतरी हाताशी हजर. तसं करा."

मग सुरू झाली सामानाची वसुली. दिलेलं परत मागणं किती अवघड असतं, ते सासरेबुवांना तेव्हा कळलं. आत्याबाई सोफ्यावर बसूनच बोलत राहिल्या, उठल्याच नाहीत. एका चुलत्यांनी इंग्रजी टेबलाचे पाय कापून त्याचा पाट केला होता. नणंदेने कपाट दिलं पण आतले कपडे बाहेर काढायला तयार नव्हती, म्हणाली, "तसंच न्या, मी येऊन घालत जाईन." टेम्पो भरून जे आलं ते एका देशाचं नव्हतं, एका शतकाचं तर नव्हतंच. फ्रेंच खुर्च्या, अरबी पितळी टीपॉय, नणंदेकडचं आरशाचं कपाट, पांढरंफटक डॅनिश टेबल.

आणि ते मांडलं सासूबाईंनी. पलंगावरून उठून त्या दारात उभ्या राहिल्या आणि हुकूम सोडायला लागल्या. "उचला. इकडे आणा. अजून. माझा हात पोचला पाहिजे. हं, ठेवा." खोलीवाले पुन्हा हमाल झाले. घामाघूम. पण खरा त्रास उचलण्याचा नव्हता. पांढऱ्या टेबलाला खेटून सोनेरी खुर्ची ठेवताना त्यांचा चेहरा असा झाला, जसं कुणी दाढ काढतंय.

"अगं, हे एकमेकांना शोभत नाही."

"मला दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तर तुम्ही डोळे मिटा."

त्यांनी मांडलेली वाट अशी होती. खोलीच्या दाराबाहेर हात टाकला की फ्रेंच खुर्चीची पाठ, तिच्यावर कोरलेलं पान. पान उलटं लागलं तर आपण चुकीच्या बाजूला. तिथून आरशाच्या कपाटाची मूठ. कपाट संपलं की गार पितळ, तिथे डावीकडे न्हाणीघर आणि संडास. उजवीकडे गुळगुळीत डॅनिश टेबल, त्याच्या टोकाला ओटा आणि मी. हॉल बघणाऱ्याला भंगारवाल्याचं गोदाम वाटायचा. पाहुणे अंग चोरून आत यायचे आणि गुडघे चोळत बाहेर जायचे. केर काढताना मी रोज सगळ्या देशांचा उद्धार करायचे. पण सासूबाई चालत होत्या. आधी हळू, मग झपझप. एक दिवस माझ्या मागे येऊन म्हणाल्या, "मीठ कमी झालंय, वासावरून कळतंय," आणि सासू परत आली म्हणून मला चक्क आनंद झाला. असं म्हणणारी सून शोधून सापडणार नाही.

पण जित्याची खोड. एका दुपारी सासरेबुवा पेपर वाचत बसले होते. खिडकीतलं ऊन डोळ्यांवर आलं, त्यांनी उठून दोन्ही हातांनी आपल्याखालची पानवाली खुर्ची उचलली आणि हातभर सरकवली. का, असं नंतर विचारलं तर त्यांना आठवतही नव्हतं की आपण सरकवली. श्वास घेतल्यासारखं केलं त्यांनी ते. सासूबाई खोलीतून आल्या, हात टाकला, हाताखाली हवा लागली, आणि तोल जाऊन त्या मनगटावर पडल्या.

मोडलं नाही, पण मनगट सुजलं. त्या ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. मी उठवलं, तशा उठल्या आणि म्हणाल्या, "मला आत ने." माझा हात धरून त्या आत गेल्या. पुन्हा जेवण पलंगावर, चहा पलंगावर. "घराचा भरवसा नाही गं," एवढंच एकदा बोलल्या. सासरेबुवा दारापर्यंत यायचे आणि परत जायचे. इतका लहान झालेला मोठा माणूस मी बघितला नाही. मला त्यांची दया येत होती आणि त्यांना बदडावंसंही वाटत होतं.

सूज उतरल्यावर एका सकाळी ते कामावर गेले नाहीत. सुताराकडून ड्रिल मागून आणलं होतं आणि खिसाभर लोखंडी पट्ट्या. खुर्ची तिच्या जागेवर ठेवली, गुडघ्यांवर बसले आणि फरशीला भोकं पाडायला लागले. मी म्हटलं, "बाबा, फरशी!" ते म्हणाले, "खड्ड्यात गेली फरशी." मग चारही पायांना पट्ट्या लावून स्क्रू पिळले. मग कपाट. मग टीपॉय. दिवसभर घरात दाढेच्या डॉक्टरकडे असतो तसला आवाज आणि सगळीकडे पांढरी धूळ. ज्या माणसाला कुठली वस्तू फार दिवस एका जागी बघवत नसे, तो एकेक देश जमिनीत रोवत होता. जितके स्क्रू बसत गेले, तितका त्यांचा चेहरा पडत गेला, पण हात थांबला नाही.

संध्याकाळी ते शेवटच्या कोपऱ्यात, डॅनिश टेबल आणि भिंत यांच्या मधे अडकून शेवटचा स्क्रू पिळत होते. आवाज थांबला तशा सासूबाई खोलीच्या दारात आल्या. हात टाकला. पान सुलटं लागलं. त्यांनी खुर्ची धरून हलवून बघितली, मग दोन्ही हातांनी गदागदा हलवली. ती जागची हलली नाही. मग कपाट हलवून बघितलं, मग टीपॉय, एकही वस्तू न सोडता. सगळं ठाम.

"खुर्च्यांचं झालं," त्या म्हणाल्या. "आता तुम्हाला कुठे स्क्रू मारू?"

सासूबाई पुढे निघाल्या. मला वाटलं ओट्यापाशी येतील. आल्या नाहीत. बाहेरच्या दारापाशी गेल्या, वाकून चपला चाचपल्या, घातल्या आणि कडी काढली.

"अगं, कुठे?" सासरेबुवा दचकून उठले.

"खाली."

"एकटी? थांब, थांब, मी आलो!" त्यांनी बाहेर यायला समोरची खुर्ची ढकलली. हलली नाही. टेबल ढकललं. हललं नाही. शेजारचं स्टूलसुद्धा हललं नाही, त्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. "अरे, सरक ना!" असं ते लाकडावर ओरडत होते. मी हात पुसत दाराकडे निघाले होते, ती तिथेच थांबले. मुद्दाम थांबले.

टेबलावर चढून, पलीकडे उतरून, गुडघा फोडून घेत सासरेबुवा दारात पोचले, तेव्हा जिन्यावर चपलांचा आवाज खाली चालला होता. एक पायरी, कठड्यावर हात सरकल्याचा आवाज, दुसरी पायरी. ते कठड्यापाशी उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. आवाज खाली पोचला. जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग खालून सासूबाईंचा आवाज आला, खणखणीत, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा.

"अहो, दार लावून घ्या. धूळ बाहेर येतेय. मी येते फिरून."

सासरेबुवा आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.